आठवी ब मधली मुलं बोलत का नाहीत?

भांडुपच्या एका अनुदानित शाळेत सायन्स शिकवणाऱ्या बाईंचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाल्यात, म्हणून देत नाही. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"नमस्कार ताई, मी आठवी-नववीला सायन्स शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, पण सेमी इंग्लिश. आठवी ब चा पट 54, पिरियड 35 मिनिटांचा. मी शिकवत असते तेव्हा पुढचे दोन बेंच सोडले तर बाकी वर्ग नुसता बसलेला असतो. मागे एक मुलगा तर रोज झोपतो. समजलं का विचारलं की सगळे एका सुरात हो म्हणतात आणि घटक चाचणीत निम्मे पेपर कोरे. दिवाळीआधी आमचं ट्रेनिंग झालं, विद्यार्थीकेंद्री अध्यापन, गटकार्य वगैरे. मी उत्साहाने 'बल व दाब' या धड्याला नऊ गट पाडले. बेंच सरकवण्यातच दहा मिनिटं गेली, मग एवढा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातले सर दार वाजवून गेले. प्रत्येक गटात एकच मुलगी लिहीत होती, बाकीचे गप्पा मारत होते. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, पोर्शनचं काय? आणि सगळ्यात वाईट वाटलं ते एक मुलगा म्हणाला त्याचं, 'बाई, तुम्हीच शिकवा ना, आम्ही लिहून घेतो.' मी परत खडू-फळ्यावर आलेय, पण मनाला पटत नाहीये. मोठ्या वर्गात हे खरंच जमतं का, की हे फक्त वीस-वीस मुलांच्या शाळांचं काम?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. जमतं. 54 च्या वर्गात जमतं, बेंच न हलवता जमतं, आणि तुमच्याच वर्गात जमेल, कारण परत खडू-फळ्यावर आल्यावर तुम्हाला चैन पडत नाहीये. फक्त गटापासून सुरुवात करू नका. सहा जणांचा गट हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रकार आहे, आणि ट्रेनिंगमध्ये नेमका तोच पहिल्यांदा हातात देतात कारण फोटो छान येतो. ज्या मुलांना वर्गात तोंड उघडायची सवयच नाही त्यांना एकदम सहा जणांत बसवून "चर्चा करा" सांगितलं तर जी हुशार आहे ती लिहिणार आणि बाकीचे गप्पा मारणार, दुसरं काय होणार?

माझ्या मते विद्यार्थीकेंद्री याचा अर्थ एवढाच की दर सात-आठ मिनिटांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला डोकं चालवून काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे, आणि त्याने काय ठरवलं ते तुम्हाला दिसलं पाहिजे. प्रत्येक मुलाला, हा शब्द धरून ठेवा. या हिशोबाने बघितलं तर तुमच्या त्या नऊ गटांच्या पिरियडला नऊ मुली काम करत होत्या आणि 45 मुलं मोकळी होती. म्हणजे तुमचं शिकवणं कमी पडलं असं काही नाही, त्या रचनेतच 45 जणांना काम नव्हतं.

आता "समजलं का?" हा प्रश्न. तो आजपासून बंद करा. 53 जणांसमोर "नाही समजलं" म्हणायला फार मोठी छाती लागते, आणि बरेचदा मुलाला स्वतःलाच माहीत नसतं की आपल्याला समजलेलं नाही. त्याऐवजी असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर देताना समजलंय की नाही ते आपोआप बाहेर पडेल. तुमचाच धडा घेऊया, म्हणजे नुसतं बोलल्यासारखं होणार नाही.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला, रेवसला लाँच जातात. वर्गात विचारा कोण कोण लाँचमध्ये बसलंय. उरण-अलिबागकडे गाव असलेली दोन-चार तरी निघतील, कुणी गेटवेवरून घारापुरीला गेलेलं असेल. मग फळ्यावर लाँच काढा आणि विचारा, रिकामी लाँच पाण्यावर तरंगतेय, आता चाळीस माणसं चढली, लाँच थोडी खाली गेली आणि थांबली, तर आता पाणी लाँचला वरच्या दिशेने जो रेटा देतंय तो पूर्वीच्या मानाने कसा आहे? एक, पूर्वीइतकाच. दोन, पूर्वीपेक्षा जास्त. तीन, पूर्वीपेक्षा कमी.

विचारा आणि गप्प बसा. मुलांना सांगा, कुणी बोलायचं नाही, रफ वहीच्या समासात आपला आकडा लिहायचा. एक मिनिट. मग तुम्ही "एक, दोन, तीन" म्हटलं की सगळ्यांनी आपल्या उत्तराइतकी बोटं छातीशी धरायची, हात वर नाही, छातीशी, म्हणजे मागच्याला दिसणार नाही आणि तुम्हाला पुढून सगळं दिसेल. तुम्ही नुसती नजर फिरवायची. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, "अगं बाई, एवढ्यांचं चुकलं" तर अजिबातच नाही. बरीच मुलं एक म्हणतील, कारण पाणी तेच तर आहे. काही तीन म्हणतील, कारण लाँच खाली गेली म्हणजे रेटा कमी पडला असेल असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. आता सांगा, शेजाऱ्याला पटवा, दोन मिनिटं. शेजारी म्हणजे बेंचवरचाच, उठायचं नाही, वळायचंही नाही. दोन मिनिटांनी परत बोटं. आकडे हललेले दिसतील. मग तीन-चार जणांना विचारा, तू एक वरून दोन वर का आलास? आणि कोणीतरी म्हणेल की बाई, वजन वाढलं आणि तरी ती थांबलीय ना, म्हणजे खालून रेटा पण वाढलाच असणार. तिथे तुम्ही खडू उचलायचा, कारण आता तुम्ही जे सांगाल ते ऐकायला वर्ग तयार आहे. लाँच खाली गेली म्हणजे तिने जास्त पाणी बाजूला सारलं, जास्त पाणी बाजूला सारलं म्हणजे रेटा वाढला, आणि तो नव्या वजनाइतका झाला तिथे लाँच थांबली. आर्किमिडीजचं तत्त्व याच्यानंतर लिहून द्या, आधी नाही.

हे सगळं दहा-बारा मिनिटांत होतं. आणि तुमच्या त्या गटाच्या पिरियडला जे झालं नव्हतं ते इथे झालं, 54 जणांनी काहीतरी ठरवलं, 54 जणांनी तोंड उघडलं, आणि कुठे घोटाळा आहे ते तुम्हाला परीक्षेच्या आधी कळलं.

ही पद्धत एरिक माझुर नावाच्या हार्वर्डच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी 1991 च्या सुमारास सुरू केली. त्यांची लेक्चर मुलांना आवडायची, मुलं गणितंही सोडवायची, पण साधे समजेचे प्रश्न विचारल्यावर लक्षात आलं की न्यूटनचे नियम पाठ आहेत आणि कळलेले नाहीत. मग ते प्रश्न टाकायला लागले आणि मुलांना एकमेकांना पटवायला सांगायला लागले. त्यांचा एक ठोकताळा तुमच्या कामाचा आहे. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के मुलांचं बरोबर असेल तर जोडीत बोलू द्या. त्याहून कमी असेल तर मुलांकडे बोलायला काही नाहीये, आधी तुम्ही परत समजवा. जास्त असेल तर पुढे चला, वेळ घालवू नका. त्यांच्याकडे मुलांची उत्तरं टिपायला यंत्रं होती, आपल्याकडे बोटं आहेत, आणि बोटांना चार्जिंग लागत नाही. शिवाय त्यांचे वर्ग तुमच्या आठवी ब पेक्षा मोठे होते, तेव्हा वीस मुलांचं काम हा मुद्दा इथेच संपतो.

आणि हे सगळं बाहेरूनच आलंय असंही समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे केलं ते आपल्या जवळच, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात. वारली पाड्यातली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर अंगणवाडी त्यांच्या अंगणात नेली, आणि जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, इतकं साधं. भांडुपच्या मुलासाठी ते कुरण म्हणजे लाँच, लोकल, पाण्याचा पिंप, कुकरची शिट्टी. मी गिरणगावातल्या शाळेत शिकवायचे तेव्हा दाब शिकवायला मला कुकरइतकं काहीच उपयोगी पडलं नाही.

आता थांबण्याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण हे सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जड जातं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांच्या टेप ऐकून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. ते थांबणं तीन सेकंद किंवा त्याच्या वर नेलं की मुलांची उत्तरं लांब व्हायला लागली, "माहीत नाही" कमी झालं, आणि ज्यांना शिक्षक मठ्ठ समजत होते ती मुलं बोलायला लागली. तीन सेकंद! वर्गात उभं राहून बघा, तीन सेकंदांची शांतता किती लांब वाटते. मनात आकडे मोजा, पाण्याचा घोट घ्या, काहीही करा पण तोंड उघडू नका. आणि ज्यांचे हात लगेच वर येतात त्या पुढच्या दोन बेंचवाल्यांना आधी विचारू नका. वर्गाला एकदा कळलं की अमुक तिघं उत्तर देणारच आहेत की बाकीच्यांचं डोकं तिथेच बंद होतं. हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून डबीत ठेवा, जोडीत बोलून झाल्यावर चिठ्ठी काढा. आधी बोलू द्यायचं आणि मग चिठ्ठी, हा क्रम पाळा. नाहीतर चिठ्ठीची भीती बसते आणि सगळंच उलटं होतं. जोडीत बोलून झालेलं असलं की मुलाला "आम्हा दोघांना असं वाटतं" म्हणता येतं, चुकलं तर दोघांचं चुकतं, आणि तेवढ्यानेही लाजरी मुलगी उभी राहते. आधी एकट्याने विचार, मग जोडी, मग वर्ग, ही जी साखळी आहे ती फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडली आणि तिचं नाव थिंक-पेअर-शेअर, तुमच्या ट्रेनिंगच्या पुस्तिकेत असेलच कुठेतरी. गटकार्याच्या पानाआधी ते पान वाचा.

तुमच्या पत्रात तुम्ही "सेमी इंग्लिश" हा शब्द सहज लिहून पुढे गेलात, मला तर वाटतं अर्धं दुखणं तिथेच आहे. घरी मराठी, नाहीतर हिंदी, नाहीतर दोन्ही मिसळून बोलणारी मुलं, त्यांना विचार करायचा, शब्द शोधायचा, आणि तो इंग्रजीत सगळ्यांसमोर बोलायचा. ती गप्प बसणारच हो. तेव्हा नियम करा, जोडीत बोलताना भाषा कुठलीही, मराठी-हिंदी-खिचडी सगळं चालेल, फळ्यावर लिहिताना मात्र बॉयन्ट फोर्स, म्हणजे पाण्याचा तो वरचा रेटा, हा शब्द नीट लिहायचा आणि वहीत दोन वाक्यं इंग्रजीत. आधी कल्पना आपल्या भाषेत पक्की, मग तिच्यावर इंग्रजी नाव चिकटवायचं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून आहे, टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, आणि तिथल्या लोकांनी मुंबईच्या महापालिका शाळांमधल्या मुलांबरोबर सुरुवातीच्या काळात जे काम केलं त्यात हेच पुढे आलं की बरेचदा विज्ञान अवघड नसतं, पुस्तकाची भाषा मुलाला अडवते. भाषा सोपी केली, मुलांना बोलू दिलं, की तीच मुलं पुढे जातात. ते केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या आसपास, शाळेतून चौकशी करून बघा.

गोंधळाचं बघू. जोडीत बोलताना आवाज होणारच, 27 जोड्या एकदम बोलणार म्हटल्यावर. पण बेंचपुरता आवाज आणि वर्गभर आवाज यातला फरक मुलांना शिकवावा लागतो, सांगून नाही, करून. पहिल्याच दिवशी पाच मिनिटं नुसती याच्यावर घालवा. मुलांना सांगा, मी हात वर केला की ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा, सगळे हात वर येईपर्यंत मी काही बोलणार नाही. दोन-तीनदा गंमत म्हणून करून घ्या. वेळ फळ्यावर लिहा, "2 मिनिटं", आणि दोन म्हणजे दोनच, मुलांचं बोलणं संपायच्या थोडं आधी थांबवा. गप्पा कधी सुरू होतात, तर काम संपून वेळ उरतो तेव्हा. आणि शेजारच्या सरांना आधीच सांगून ठेवा की रोज पिरियडच्या मध्यावर दोन मिनिटं आवाज येईल. माणसाला आधी माहीत असलं की दार वाजवत नाही.

मुख्याध्यापकांचं पोर्शनबद्दलचं म्हणणं खरं आहे. ते उडवून लावू नका. सगळा धडा मुलांनीच शोधून काढायचा हे मला स्वतःलाही पटत नाही. नवी संज्ञा, व्याख्या, एकक, सूत्र हे सरळ सांगायचं असतं, चांगलं, स्पष्ट, पाच-सात मिनिटांत, आणि तुम्हाला ते येतंच. एका धड्यात अडखळायच्या जागा दोन किंवा तीन असतात, वर्षानुवर्षं मुलं तिथेच चुकतात, जुने पेपर काढून बघा. प्रश्न फक्त त्या जागांना लावा, बाकी धडा पटपट पुढे न्या. म्हणजे वेळ वाढत नाही, सरकतो. आणि मुख्याध्यापकांना हे सांगा, भांडायच्या सुरात नको, पण सांगा, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येच कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीने शिकवावं असं लिहिलंय, आणि आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकवता शिकवता केलेलं मूल्यमापन, आपल्याला करायचंच आहे. हे प्रश्न, मुलांनी समासात लिहिलेली उत्तरं, ही आयती नोंद आहे. टाचणात रोजचा प्रश्न लिहून ठेवा. त्याच कायद्यात सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक असंही आहे. तुमचे 54 बघता तो विषय तुमच्या हातातला नाही, पण मुख्याध्यापकांनाही त्याची जाणीव असेलच. त्यांना एक दिवस दहा मिनिटं मागे येऊन बसायला बोलवा. बोटं बदलताना त्यांनी बघितली तर बाकी समजवायची गरज पडणार नाही असं मला वाटतं.

आता तो मुलगा. "बाई, तुम्हीच शिकवा, आम्ही लिहून घेतो." तुम्हाला लागलं ते मी समजू शकते, पण तो खोटं बोलत नव्हता. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच एक प्रयोग झाला, तोच फिजिक्सचा भाग काही मुलांना छान लेक्चर देऊन शिकवला आणि काहींना स्वतः सोडवायला लावून. ज्यांनी स्वतः केलं त्यांना टेस्टमध्ये जास्त मार्क पडले, पण विचारल्यावर तीच मुलं म्हणाली की आम्ही कमी शिकलो असं वाटतं. कारण डोक्याला ताण पडतो, अडखळायला होतं, आणि गुळगुळीत लेक्चर ऐकताना सगळं कळतंय असं वाटत राहतं. हे मुलांना सरळ सांगा. आठवीच्या मुलाला हे कळतं. सांगा की आज जड वाटलं तर ते चांगलं लक्षण आहे, जोर लावल्याशिवाय दंड भरत नाही. आणि त्याच्या मागणीतला खरा भागही मान्य करा. त्याला वहीत काहीतरी हवंय, परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी उघडायला काहीतरी, त्याच्या आईला दाखवायला काहीतरी. ते त्याला मिळालंच पाहिजे. पिरियडची शेवटची पाच मिनिटं लिखाणाची ठेवा, चार-पाच ओळी, पण त्यातली एक ओळ मुलाने स्वतः पूर्ण करायची, "लाँच आणखी खाली गेली नाही कारण..." अशी. संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या मुलांनी तोच धडा आधीच ऐकलेला असतो आणि त्यांना व्याख्या तोंडपाठ असते, लाँचच्या प्रश्नाला तीही अडकतात, आणि तिथे क्लासला न जाणारी मुलगी पुढे निघते. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या मुलीचं तोंड बघण्यासारखं असतं.

व्हिडिओचं एकच सांगते. शाळेत स्मार्ट बोर्ड असेल तर प्रयोग संपायच्या आधी थांबवा आणि काय होईल ते बोटांनी विचारा, मग चालू करा. नुसता लावून ठेवलेला व्हिडिओ म्हणजे अंधारात दिलेलं लेक्चर. आणि जिथे खरी वस्तू मिळते तिथे व्हिडिओ लावूच नका. बादली, पाणी आणि खेळायची क्ले एवढ्यावर हा धडा होतो. क्लेचा गोळा टाका, बुडतो. तोच गोळा, त्याच वजनाचा, पसरट होडी करून ठेवा, तरंगतो. पण टाकायच्या आधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या, बुडेल की तरंगेल आणि का. लिहिलेलं असलं की मूल मान पुढे काढून बघतं, कारण आता त्यात त्याचं काहीतरी अडकलेलं असतं.

गट कधी? साधारण दीड-दोन महिने जोड्या नीट चालल्यावर, आणि तेही दोन बेंचचे, पुढच्यांनी फक्त मागे वळायचं, बेंच हलवायचे नाहीत. आणि गटाला असं काम द्या की एकटी मुलगी ते करूच शकणार नाही. त्यासाठी जिगसॉ म्हणून प्रकार आहे. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना पहिल्यांदा एका वर्गात आणलं तेव्हा मारामाऱ्या व्हायला लागल्या, आणि एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी असा उपाय काढला की धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, आणि बाकीच्यांना तो त्याच्याकडूनच शिकावा लागेल. तुम्ही हा 'आरोग्य व रोग' ला करून बघा. चौघांचा गट, एकाकडे डेंग्यू, एकाकडे लेप्टो, एकाकडे टीबी, एकाकडे कावीळ. आधी डेंग्यूवाले, म्हणजे एका रांगेतले सगळे एकाच विषयाचे, आपापसांत बोलून पक्कं करतात, डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो. लेप्टोवाले, उंदराच्या लघवीतून जंतू पावसाच्या तुंबलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून आत जातात. मग आपापल्या गटात जाऊन शिकवायचं, आणि शेवटी चारही रोगांवर प्रत्येकाला एकेक प्रश्न, एकट्याने सोडवायचा. मुंबईच्या मुलांना यातलं काही पुस्तकातून शिकायची गरजच नसते, कुणाच्या चाळीत डेंग्यू झालेला असतो, कुणाच्या घरी टीबीच्या गोळ्या चालू असतात. म्हणून एक जपा, कुणाच्या घरचं आजारपण वर्गात बाहेर काढायचं नाही, त्याने स्वतः सांगितलं तर ऐकायचं. दोन पिरियड लागतील, त्याला इलाज नाही, म्हणून सत्रात एकदाच करा.

मागे झोपणारा मुलगा. त्याचं वेगळं आहे, कुठल्याही पद्धतीने तो लगेच जागा होणार नाही. पहाटे पेपर टाकायला जात असेल, आईच्या पोळीभाजीच्या ऑर्डरी पोचवत असेल, दहा बाय दहाच्या खोलीत रात्री टीव्ही बंद होईपर्यंत झोपताच येत नसेल. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारा, वर्गात नाही, आणि ओरडायच्या सुरात तर नाहीच. कारण कळलं की निदान त्याला "आळशी" म्हणणं थांबतं. तुमचा पिरियड शेवटचा असेल तर वर्गशिक्षकांशी बोलून बघा की त्याला सकाळी काही सवलत देता येते का. आणि बादली धरायला, क्लेची होडी करायला त्यालाच बोलवा. उभं राहिलेल्या मुलाला झोप येत नाही, आणि हाताने काम करणारी ही मुलं अशा वेळी होडी फार सुंदर करतात.

सुरुवात फक्त आठवी ब मध्ये करा, नववीला हात लावू नका, त्यांचं बोर्डाचं वर्ष जवळ आलंय आणि तुमच्यावर एकाच वेळी दोन वर्गांची तयारी नको. दिवसाला एकच प्रश्न. चांगला प्रश्न तयार करायला वेळ लागतो, रात्री लोकलमध्ये सुचतात, वहीत लिहून ठेवा, चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांमधून घ्या, कोरे नसलेले जे निम्मे पेपर आहेत त्यात ते भरलेले आहेत. शनिवारी निघताना प्रत्येकाकडून वहीच्या पानाचा चतकोर घ्या, या आठवड्यात काय कळलं नाही ते एक ओळीत, नाव लिहायची सक्ती नाही. 54 चिठ्ठ्या बारकाईने वाचत बसायचं नाही, नुसती नजर टाकून तीन ढिगांत वाटायच्या, सगळ्यात मोठा ढीग सोमवारचा पहिला प्रश्न ठरवतो.

आणि पुढच्या घटक चाचणीत लाँचसारखा एक प्रश्न नक्की टाका, दोन मार्कांचा का होईना, "कारण द्या" मध्ये बसवा. पेपर तुम्हीच काढता ना? वर्गात विचार करायला लावायचा आणि पेपरात व्याख्याच विचारायच्या असं झालं तर मुलं दिवाळीनंतरच्या पहिल्याच चाचणीत ओळखतात की बाईंना खरं काय हवंय, आणि मग तो मुलगा परत म्हणेल, तुम्हीच शिकवा, आम्ही लिहून घेतो.